डब्याच्या तळाची भाकरी

मी आहारतज्ज्ञ आहे, सोलापुरात एका हॉस्पिटलच्या ओपीडीत बसते. मागच्या वर्षीचा किस्सा आहे. मुलीच्या ओळखीचे तपशील थोडे बदललेत, बाकी जसं घडलं तसं.

मुलगी नऊ वर्षांची, मंगळवेढ्याकडची. वजन 19 किलो. दोन वर्षं लोहाचं औषध चालू तरी हिमोग्लोबिन सातच्या वर सरकायला तयार नाही. जंताचं औषध झालं, टॉनिकं झाली, देवऋषीही झाला. सिलियाक, म्हणजे गव्हातलं ग्लूटेन हे चिकट प्रथिन आतड्याला न सोसण्याचा आजार, कुणाच्या डोक्यात आला नाही कारण तो पंजाब-हरियाणाकडचा, गहू खाणाऱ्यांचा आजार अशी एक समजूत आपल्याकडे आहे आणि ही माणसं तर मालदांडी ज्वारीवर वाढलेली, चपाती असली तरी रात्री एकवेळ. शेवटी कुणीतरी टीटीजी (सिलियाकसाठीची रक्ततपासणी) करायला सांगितलं, तो नॉर्मलच्या दहापटीवर आला, मग दुर्बिणीतून लहान आतड्याचा तुकडा काढून तपासला तर आतली लव पार झिजलेली.

गहू बंद केला. मला वाटलं होतं ही माझी सगळ्यात सोपी केस. शहरातल्या लोकांना ग्लूटेन-फ्री ब्रेडचं पाकीट शोधत फिरावं लागतं, इथं घरात भाकरी होतीच, भात होता, उपवासाची भगर-राजगिरा होता, डब्यात चिक्की, पोहे. पहिल्या चार महिन्यांत पोरीची पोटदुखी कमी झाली, वजनही दीड किलो वाढलं, आणि मग गाडी अडली. टीटीजी थोडा उतरला आणि तिथंच बसला. वर्ष झालं तरी तिथंच. हा आकडा हळूहळूच उतरतो हे मान्य, पण उतरत राहायला पाहिजे ना.

तर त्या मंगळवारी तिसरा रिपोर्ट हातात आला आणि मी चिडले. खरं सांगते, चिडले. पोरीला म्हटलं, शाळेत कुणाची बिस्किटं खातेस? ती काहीच बोलेना, नुसते डोळे भरून आले, मग म्हणाली, "आईशप्पथ नाय खाल्लं." आणि मी चक्क आईकडे बघून म्हणाले की मुलं खोटं बोलतात हो. हे वाक्य मला अजून टोचतं.

नशीब एवढंच की मागच्या वेळी मी सांगून ठेवलं होतं, घरातले सगळे पीठ-मसाल्याचे डबे घेऊन या म्हणून. मोठी पिशवी आणली होती आणि सोबत आजी. टेबलावर दुकान मांडलं. हिंगाची डबी उलटी करून बघितली तर घटकात मैदा, हे बहुतेकांना माहीतच नसतं की बाजारातला बांधणीचा हिंग बऱ्याचदा मैद्यातच बांधलेला असतो. मेतकूट घरचं, त्यात मूठभर गहू भाजून घातलेले. आणि कुणा नातेवाईकाने दिलेला खपली गव्हाचा रवा, "हा जुना गहू, ह्याने काही होत नाही" असं सांगून! खपली झाला तरी गहूच, सिलियाकला तो तितकाच वर्ज्य. तो रवा सुदैवाने अजून फोडला नव्हता. हिंग, मेतकूट बाजूला काढलं पण मनाला पटेना, मेतकूट महिन्यातून दोनदा, हिंग चिमूटभर, एवढ्याने आकडा असा वर अडकून बसेल?

राहिला ज्वारीच्या पिठाचा स्टीलचा डबा. मी झाकण लावत होते तर आजी सहज म्हणाली, "ह्या पिठाचं लई इपरीत हाय बगा ताई. नवं दळून आणलं की भाकरी थापताना कडा फाटत्यात. आन डबा तळाला गेला की कशी चंद्रावानी गोल येती."

मी झाकण तसंच हातात धरून बसले. कारण हे उलटं आहे! ज्वारीचं पीठ जुनं झालं की त्याची विरी, म्हणजे चिकटपणा, जाते, भाकरी तुटायला लागते, हे कुठल्याही बाईला ठाऊक असतं. तळाचं पीठ चिकट कशाने होईल? विचारलं, दळून आणल्यावर पीठ दुसऱ्या डब्यात काढता का? "न्हाई, ह्योच डबा गिरणीत जातो, ह्योच चुलीम्होरं." म्हणजे गिरणीतून पहिलं पडलेलं पीठ तळाला. आणि पहिलं पडतं ते आधीच्याचं.

मुलीच्या बापाने तिथूनच गिरणीवाल्याला फोन लावला, स्पीकरवर. तो बिचारा सरळ माणूस. म्हणाला, "गव्हावर ज्वारी घालतोच की, त्याला काय होतंय? ज्वारीवर गहू घातला तर मात्र बाया भांडायला येतात, चपाती काळी पडते, चिरते. ज्वारीवाल्याची कधी तक्रार नसते." मग हसून पुढं म्हणाला, "उलट भाकरी चांगली होते!"

आता हिशोब बघा. एफएसएसएआयचा, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा संस्थेचा, नियम असा की ग्लूटेन-फ्री म्हणवायचं तर किलोमागे 20 मिलिग्रॅमच्या आत ग्लूटेन पाहिजे. गव्हाच्या पिठात ढोबळ आठ टक्के ग्लूटेन धरलं तर किलोभर ज्वारीत पाव ग्रॅम गव्हाचं पीठ पडलं की संपलं, चिमूटसुद्धा नाही ती. गिरणीच्या दगडात, नळीत, तोंडाच्या कापडी पिशवीत मागच्याचं मूठ-दोन मूठ तर सहज अडकून असतं. म्हणजे वर्षभर मी "भाकरी खा, निर्धास्त खा" म्हणून त्या पोरीला रोज गहूच चारत होते. मेनूचे तीन-तीन कागद लिहून दिले, दळण कुठं होतं हे एकदाही विचारलं नाही. माझ्या घरचं पीठ पाकिटातून येतं, दुसरं काय.

पोरीला सॉरी म्हटलं. तिने मान हलवली फक्त, तिचं लक्ष चिक्कीवर होतं.

घरघंटी घ्या म्हणायची माझी हिंमत होईना, त्यांची परिस्थिती दिसत होती. आजीनेच सोडवलं. माळवदाखाली जातं पडलेलं होतं, हळदीपुरतं निघायचं. त्याच्या दगडांना टाकी लावून ते पुन्हा खरबरीत करून घेतले, आधी दोनदा ज्वारी दळून ते पीठ म्हशीला घातलं, आणि आता फक्त नातीपुरतं रोज थोडं थोडं दळते. परात आणि तवापण तिचा वेगळा. आजीच्या खांद्याला त्रास होतो, मुलीची आई म्हणते मी दळते तर आजी सोडत नाही.

सहा महिन्यांनी टीटीजी निम्म्याच्या खाली आला होता. नॉर्मल अजून नाही. हिमोग्लोबिन दहा. भाकरीच्या कडा मात्र आता कायमच फाटतात, उकळतं पाणी घालून मळायला सांगितलंय.

माझ्या छापील फॉर्ममध्ये मी पेनाने एक ओळ वाढवलीय, "दळण कुठे? कशावर?" परवा नवीन आलेल्या इंटर्नने विचारलं, मॅडम, कशावर म्हणजे? टेबलावर का?