बुशचा पीळ

बुश म्हटलं की आत काहीतरी फिरत असेल असं वाटतं. फिरत काहीच नाही. गाडीचं चाक सांगाड्याशी जोडणाऱ्या खालच्या दांड्याच्या, म्हणजे लोअर आर्मच्या, बुशची आतली नळी बोल्टने जखडलेली, बाहेरची आर्ममध्ये घट्ट ठोकलेली आणि मधलं रबर दोन्हींना चिकटलेलं. चाक वर-खाली झालं की रबर पिळतं, मग सुटतं. बिचाऱ्याचा जन्म त्यातच जातो.

गतिरोधकावर ‘टक्’ झालं की पहिला आळ शॉकअपवर येतो. आधी टॉमी (लोखंडी पहार) घालून आर्म हलवून पाहावा. रबरावरच्या केसासारख्या भेगा चालतात. नळीपासून रबर सुटलं असेल, तर ब्रेक मारताना गाडी एका बाजूला ओढणारच. मारुती ८०० मध्ये अँटी-रोल बारच (वळणावर गाडी कलू नये म्हणून दोन्ही बाजूंना जोडणारी सळई) आर्मला पुढे-मागे धरून ठेवतो, तेव्हा त्याचेही बुश त्याच बैठकीत बदलावेत.

जुना बुश जाळून काढायची पद्धत आहे खरी, पण त्या धुराने सगळी सोसायटी खाली उतरते. त्यापेक्षा रबर भोसकून काढावं, हॅक्सॉ ब्लेड आत घालून बाहेरच्या नळीला एक चीर द्यावी आणि छिन्नीने ती आत दुमडावी. ब्लेड आर्मला लागता कामा नये. रबरात पोकळ्या असतील, तर त्यांची दिशा आधीच खडूने आर्मवर उतरवून ठेवावी.

नवा बुश हातोड्याने ठोकू नये. लांब बोल्ट, जाड वॉशर आणि पाइपचे दोन तुकडे पुरतात. दाबणारा पाइप फक्त बाहेरच्या नळीवर टेकावा. आतल्या नळीवर जोर आला की रबर बसायच्या आधीच फाटतं. समोरचा पाइप बुशपेक्षा मोठ्या व्यासाचा हवा. ग्रीस नको, त्याने रबर फुगतं; साबणाचं पाणी चालतं. काही जण बुश रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवतात. ३५ मिलिमीटरचं पोलाद त्याने जेमतेम ०.०२ मिलिमीटर आकसतं. त्यापेक्षा आर्मच्या भोकातला गंज पॉलिश पेपरने घासलेला बरा.

खरी गोम आतली नळी जखडणाऱ्या बोल्टच्या शेवटच्या नटात. गाडी स्टँडवर, चाक लोंबकळतंय, अशा वेळी तो पुरता आवळला, तर रबराला तीच विश्रांतीची जागा वाटते. गाडी खाली आली की ते उभ्या गाडीतही पिळलेलंच राहतं. म्हणून वर असताना नट नुसता टेकवावा, चाकं जमिनीवर आल्यावर गाडी दोन-चारदा दाबून सोडावी आणि मगच मॅन्युअलमधल्या टॉर्कला (आवळायच्या ठरलेल्या जोराला) आवळावा. नंतर चाकांची अलाइनमेंट.

नवा बुश चार महिन्यांत फाटला, तर दुकानदाराशी भांडायला जाण्याआधी नट कुठे आवळला होता ते आठवून पाहावं.