आमची वाटचाल : फोंड्यातलं पार्लर आणि पन्नाशीनंतरचे केस

आमच्याकडे पन्नाशीच्या पुढच्या बायका जास्त येतात. हे आपोआप झालेलं नाही. समोरच्या काचेच्या दुकानाने आता पाटीवर ‘सिल्व्हर ट्रान्झिशन’ लिहिलंय, म्हणजे रंग सोडून केस हळूहळू पांढरे होऊ देणं. ते फोंड्यात आधी कोण करत होतं, हे जुन्या गिऱ्हाइकांना ठाऊक आहे. तरी एकदा लिहून ठेवलेलं बरं.

१९९७ साली वरच्या बाजारात एका खोलीत सुरुवात केली तेव्हा मी एकटी नव्हते. माझी भागीदार मडगावची, क्रूझ जहाजावरच्या सलूनमध्ये कितीतरी वर्षं काढून आलेली. तारवावर जाणारे पुरुष गोव्यात घरोघरी, बाई मात्र विरळा. जहाजावरची तिची गिऱ्हाइकं बहुतेक साठी-सत्तरीची, पातळ केसांची आणि रोज रात्रीच्या जेवणाला नटून जाणारी. त्यामुळे तिचा हात उतरत्या वयाच्या केसांवर बसलेला. मला मुंबईच्या कोर्सात स्टेप कट, यू कट आणि नवरीचा अंबाडा शिकवला होता. मी गिऱ्हाइकाला खुर्चीत बसवून लगेच आरशात चेहरा बघायला लागले की ती मागून म्हणायची, “पयलीं मान पळय गो, तोंड मागीर.” म्हणजे आधी मान बघ, तोंड नंतर.

तिचं म्हणणं असं, की बाईला आधी उभी करायची, केप न घालता, ती जशी आली तशी. पन्नाशीनंतर खांदे थोडे पुढे येतात, काहींना मानेच्या मुळाशी उंचवटा येतो. केस नेमके त्या उंचवट्यावर संपले तर मान आखूड दिसते. मग एक तर त्याच्या वर थांबायचं, नाहीतर सरळ गळ्याच्या हाडापर्यंत उतरायचं. हनुवटीचंही तसंच. जबड्याची कड सैल झाली असेल तर कापाची रेघ तिथेच येता कामा नये, नजर रेघेवर जाते. दोन बोटं खाली किंवा दोन बोटं वर. अगदी खांद्यावर टेकणारी लांबी तर मी कुणालाच सुचवत नाही. केस खांद्यावर आपटून बाहेर वळतात, आणि आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवेत एवढं पाणी असतं की ड्रायरने बसवलेलं वळण स्कूटर जवळच्या तिस्कापर्यंत पोहोचेतो उतरतं. स्कूटरवरून आठवलं, हेल्मेट घालणाऱ्या बाईचा माथा रोज चेपतो. तिच्या माथ्यावर आखूड थर काढून काय मिळणार?

कात्रीबद्दल लिहिलं नाही तर आमची गोष्ट अर्धीच. भागीदारणीची साडेपाच इंची जपानी कात्री आजही माझ्या हातात आहे. भागीदारीण २०१२ साली पोर्तुगीज पासपोर्टावर मुलाकडे इंग्लंडला गेली, जाताना कात्री आणि हायड्रॉलिक खुर्ची ठेवून गेली. या कात्रीची धार बाहेरून फुगीर असते, ती आपल्या दारावर सायकल घेऊन येणाऱ्या धारवाल्याच्या दगडाची नव्हे. मी ती मुंबईला पाठवते, ती येईपर्यंत दुसरीने भागवते. स्क्रू तपासायला एक पातं आडवं धरून दुसरं उघडं सोडून द्यायचं. ते साधारण अर्ध्यावर थांबलं तर स्क्रू बरोबर. धाडकन मिटलं तर ढिला, वरच अडकलं तर आवळलेला. पावसाळ्यात रोज रात्री शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब सांध्यात आणि मग मऊ चामड्यात गुंडाळून ठेवायची. नव्या मुलींना मी पहिला महिना एवढंच शिकवते. दातेरी कात्रीला हात लावू देत नाही. पन्नाशीच्या पातळ केसांवर ती चालवली की टोकं विरतात, आहेत त्यापेक्षा निम्मे केस दिसतात. तिथे खालची रेघ सरळ आणि भरीव हवी, थर फार तर माथ्याजवळ, लांब लांब.

आता आमच्या टीचरबद्दल. कवळ्याच्या बाजूला राहतात, मराठी प्राथमिक शाळेतून साठीला निवृत्त झाल्या, आणि आम्ही दुकान उघडलं त्या वर्षापासून येतात. आधी फक्त भुवयांसाठी यायच्या. शेपटा कमरेपर्यंत, त्यात अबोलीची फाती, म्हणजे गुंफलेला गजरा, जत्रेला जाईची. सवाष्णीने केस कापू नयेत असं सासूबाईंनी घालून दिलेलं. पाळी गेली तसा शेपटा बारीक होत गेला. हे वैद्यकाचं सरळ कारण आहे, पार्लरवालीचा दोष नव्हे. इस्ट्रोजेन कमी झालं की केस वाढण्याचा काळ आखडतो आणि एकेक केसही बारीक होतो. पूर्वी कमरेपर्यंत पोहोचणारा केस आता पाठीच्या मध्यावरच गळून पडतो, खाली राहतात ती चार चुकार टोकं. वर भांग रुंद दिसायला लागतो. वर्षानुवर्षं ताणून घातलेल्या वेणीने कानशिलावरचे केस विरळ झाले असतील तर ते आणखी उठून दिसतं.

कुणी सांगितलं म्हणून टीचर केस कापतील, हे शक्य नव्हतं. दोन वर्षं मी विषयही काढला नाही. मग त्यांनीच विचारलं, “फाती माळता येईल एवढे ठेवून किती कापता येतील?” बघा, याला म्हणतात गिऱ्हाईक. मोजमाप घेऊनच आल्या. मी गळ्याच्या हाडाच्या जरा खाली थांबले. वरचे अर्धे केस मागे घेऊन एक चाप लावला तर त्यावर आखूड फाती नीट बसते, आणि खालचे मोकळे केस मान झाकतात. चापाखेरीज काही नको. टीचर जत्रेत तशाच गेल्या. पुढच्या महिन्यात बांदोडा, म्हार्दोळ, कुंडईकडच्या बायका ‘टीचरचे केस’ मागत यायला लागल्या. तेव्हापासून मी प्रत्येकीला आधी विचारते, फुलं माळता का? जुन्या गिऱ्हाइकांत ‘हो’ म्हणणाऱ्या अजून पुष्कळ आहेत.

मधली वर्षं चालली. खोलीच्या दोन खोल्या झाल्या, मुली आल्या, लग्न करून गेल्या. त्यात सांगण्यासारखं काही नाही.

२०१८ साली समोर काचेचं दुकान आलं. नाव घेत नाही. बाहेरच्या कंपनीची पाटी, आतून एसी, कॉफीचं मशीन. येऊ दे, फोंडा काही कुणाच्या बापाचा नाही. पण माझ्या हाताखाली सात वर्षं शिकलेली मुलगी त्यांनी मॅनेजर म्हणून नेली, आणि माझ्या वहीतले फोन नंबर तिच्याबरोबर गेले. एका रविवारी माझ्या सगळ्या गिऱ्हाइकांना मेसेज : ‘फोर्टी प्लस मेकओव्हर, निम्म्या दरात’. टीचरनाही आला. त्यांनी मला दाखवला, काही बोलल्या नाहीत.

बायका गेल्या. मी दोष देत नाही, निम्म्या दरात मीही गेले असते. तिथे हनुवटीखाली पेन्सिल आडवी धरायचे आणि कानाच्या पाळीपासून पेन्सिलीपर्यंत पट्टी लावायचे. सव्वादोन इंचांच्या आत आलं तर केस आखूड, बाहेर गेलं तर लांब. हा नियम जॉन फ्रीडा या इंग्रज केशरचनाकाराच्या नावाने जगभर फिरतो. जबड्याचा कोन त्यातून कळतो, यात वाद नाही. पण पट्टीला केस किती उरलेत ते कळत नाही, कुरळे आहेत का, चष्मा आहे का, मान कशी आहे तेही कळत नाही. आणि तिथे तर पट्टी लावूनही सगळ्यांना एकच बॉब! कपिलेश्वरीच्या बाजारात मागून पाहिलं तर सगळ्या सख्ख्या बहिणी. कुरळे केस ओले असताना हनुवटीला कापले की वाळल्यावर गालावर चढतात, हे माझ्याकडे शिकलेल्या मुलीला माहीत नव्हतं असं नाही. तिला एका तासात तीन डोकी करायची होती.

त्या दीड वर्षात मी एक खोली सोडली, स्टीमर विकला, डोकी धुवायच्या दोन खुर्च्यांतली एक विकली. घरमालकाचा भाचा येऊन भाडं वाढवायचं म्हणून गेला, तेही समोरचे किती देतात त्याचा आकडा सांगून. पतसंस्थेचा हप्ता दोनदा चुकला. नवरा म्हणाला, बंद कर आणि घरी थ्रेडिंग कर. त्याच्यावर मी आठवडाभर बोलले नाही. हायड्रॉलिक खुर्ची घ्यायला एक म्हापशाचा माणूस टेम्पो घेऊन दारात आला होता. टीचर तेव्हा तिच्यावर बसलेल्या होत्या. त्या उठल्याच नाहीत, डोळे मिटून म्हणाल्या, “माझं अजून व्हायचंय.” तो तासभर थांबला, मग दुसरं भाडं आहे म्हणून निघून गेला. ती खुर्ची अजून आहे.

मग मार्च २०२० आला आणि त्यांचं आणि आमचं दोघांचंही शटर खाली. केस महिन्याला साधारण सव्वा सेंटिमीटर वाढतात. पुन्हा दार उघडलं तेव्हा माझ्या प्रत्येक गिऱ्हाइकाच्या भांगात पांढरा पट्टा होता, खाली जुना काळा रंग. निम्म्या बायका म्हणाल्या, आता रंगच नको. डायने डोक्याला खाज येणाऱ्या कितीतरी होत्या. दहा मिनिटांत काळी करणाऱ्या ‘मेंदी’च्या पुड्यांतही रासायनिक रंगच असतो, हे मी आधीपासून ओरडत होते. पण रंग सोडायचा म्हणजे लांबीचा प्रश्न येतो. सहा इंच पांढरे यायला वर्ष जातं. एकदम कापले तर बाई घरात आरसा झाकून ठेवते, नाही कापले तर दुरंगी दिसते. आम्ही दर सहा आठवड्यांनी थोडे थोडे वर आणले आणि दर वेळी थांबण्याची जागा मानेवरून ठरवली. पांढऱ्या केसांवर तेल कमी उतरतं, ते कोरडे आणि ताठ होतात. त्यामुळे काळ्या केसांना शोभलेली लांबी पांढऱ्यांना शोभेलच असं नाही, कधी इंचभर जास्त ठेवावी लागते, नाहीतर ते फुलून उभे राहतात. हे काम सावकाशीचं, एसीवाल्यांना परवडणारं नव्हे. बायका आमच्याकडे परत आल्या. सोडलेली खोली मात्र मिळाली नाही, तिथे आता मोबाईल रिपेअरवाला आहे.

मागच्या वर्षी समोरच्या पाटीवर नवी ओळ आली, ‘सिल्व्हर ट्रान्झिशन’. दर आमच्या दुप्पट. ती मुलगी अजून तिथेच आहे. बाजारात दिसली की नमस्कार करते, मीही करते.

आता विचारलं नाहीत तरी सांगते. डेंग्यूसारखा मोठा ताप किंवा ऑपरेशन झाल्यावर दोन-तीन महिन्यांनी केस मूठभर गळतात, तेव्हा घाबरून आखूड करून घेऊ नका. बहुतेकींचे ते परत भरतात. भांग रुंदावतोय, थकवा येतोय, तर आधी डॉक्टरकडे जाऊन थायरॉइड आणि हिमोग्लोबिन तपासा, मग माझ्याकडे या. सुनेच्या मोबाईलवरचा फोटो आणायला हरकत नाही, फक्त फोटोतल्या बाईची मान बघा. पहिल्यांदा कापत असाल तर साडी किंवा ड्रेस, जे रोज घालता तेच घालून या, चष्मा घरी ठेवू नका आणि केस धुऊन, वाळवून या. आणि चवथीच्या आदल्या आठवड्यात नवी लांबी ठरवायला येऊ नका. तेव्हा दुकानात पाय ठेवायला जागा नसते, आणि गणपतीवरची फळाफुलांची माटोळी बांधायच्या गडबडीत घरी कुणी तुमच्या केसांकडे बघणारही नाही.