बुलेटला परत तारांची चाकं

शेवटी काकांच्या जुन्या बुलेटचे अलॉय, म्हणजे बिनतारांची ओतीव चाकं, निघाले. काकांनी ते बसवले होते पंक्चरला वैतागून, आणि त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही, इंदूरच्या खंडवा रोडला सिमरोलच्या घाटात मागचं चाक बसलं की काय होतं ते ज्याच्यावर आलंय त्यालाच विचारा. पण कास्ट आयर्न इंजिनाच्या गाडीला ते जाडे अलॉय म्हणजे धोतरावर स्पोर्ट्स शूज, मला बघवत नव्हतं.

आमच्या मॉडेलला दोन्हीकडे १९ इंची रिम, १.८५ इंच रुंद, तारांसाठी ४० भोकांची, टायर ३.२५-१९. रिम घेताना भोकं स्वतः मोजा हो. हब (चाकाचा मधला तुंबा) ४० चा आणि हातात रिम ३६ ची, वर दुकानदार म्हणतो "चल जाएगा भिया". कुठून चालेल? स्पोकमध्येही (म्हणजे तारांमध्येही) आतले-बाहेरले वेगळे, मानेचा वाक वेगळा असतो. आणि ब्रेक ड्रमकडची फ्लँज (हबची स्पोक अडकवायची कडा) मोठी असेल तर त्या बाजूचे स्पोक आखूड लागतात. मी साध्या स्टीलचे नाही, स्टेनलेसचे घेतले, कारण पावसाळ्यात निपल (रिमकडे स्पोक कसायचे नट) गंजून जाम झाले की मग ते फिरत नाहीत, तुटतातच.

आउट काढायला, म्हणजे चाकाचं डगमगणं घालवायला, छावणीतले एक चाचा. त्यांच्याकडे स्टँड वगैरे काही नाही, जुना फोर्क व्हाइसमध्ये उलटा पकडलेला, त्यात चाक, आणि रिमला जवळजवळ टेकलेला एक खडू. आधी वर-खाली, मग डावं-उजवं. रिम डावीकडे आणायची तर डावीकडचे अर्धा आटा कसायचे, उजवीकडचे तेवढेच सोडायचे, जास्त नाही. घाई केली की एक जागा सुधारते, समोरची बिघडते. रिमच्या वेल्डिंगच्या जोडावर खडू लागतच होता, मी म्हटलं चाचा हे राहिलं, तर म्हणाले "जोड़ है, इसके पीछे मत भागो." बरोबर आहे, तो उंचवटा स्पोकने जात नाही, उगाच ओढाताण केली तर शेजारचे ताण बिघडतात.

आता खरी गोष्ट, जी बऱ्याच जणांना उलटी वाटते. स्पोक कसून तुटतो असं आपण समजतो, पण बहुतेक वेळा तुटतो तो ढिला. तार फक्त ओढून धरते, ढकलत नाही. गाडीचा भार आला की खालच्या स्पोकांचा ताण कमी होतो, आणि मुळात ढिले असले तर ते प्रत्येक फेरीला सैल-घट्ट होत राहतात, शेवटी हबजवळच्या वाकातून जातात. म्हणून चाचा प्रत्येकाला पान्याने वाजवून बघतात, टण्ण आला तर ठीक, थड आला की चावी लावली.

अलॉय काढून गाडी हलकी होते असंही ऐकाल. लोखंडी रिम घातली तर विशेष नाही हो. फायदा हा की खड्ड्यात रिम वाकली तर ठोकून सरळ होते, अलॉयला तडा गेला की भंगार. ट्यूब मात्र हवीच, निपलच्या भोकांतून हवा निघते, आणि फ्लॅप (रिम आणि ट्यूबमधली रबरी पट्टी) बसवायच्या आधी रिमच्या आतल्या बाजूला निपलबाहेर आलेली स्पोकची टोकं घासून घ्या, नाहीतर ट्यूब आतूनच फाटणार.

नवे स्पोक बसले की थोडे सैल होतात, थोडं चालवून परत एकदा कसावे लागतात. तोपर्यंत मांडू नाही, फार तर महूपर्यंत जाऊन येतो.