तीन शिट्ट्या झाल्या की गॅस बंद कर

आमची आई "वीस मिनिटांनी गॅस बंद कर" असं कधीच सांगत नाही, ती सांगते तीन शिट्ट्या झाल्या की बंद कर, आणि ते बरोबर होतं, कारण घड्याळ बघायचंय हे वेगळं लक्षात ठेवावं लागत नाही, शिट्टीच येऊन कानात ओरडते. सायकॉलॉजीवाले या सगळ्या प्रकाराला प्रॉस्पेक्टिव्ह मेमरी म्हणतात, म्हणजे नंतर करायचं काम नेमकं त्या वेळी आठवणं. आईनस्टाईन (तो नाही हो, हे गिल्स आईनस्टाईन) आणि मार्क मॅकडॅनियल यांनी १९९० मध्ये यावर प्रयोग केले, तर काहीतरी समोर दिसलं की आठवायचं अशा कामात म्हातारी माणसं तरुणांच्या अजिबात मागे नव्हती. आमच्या आजीला बघून मला याचं काहीच आश्चर्य वाटलं नाही.

आजी पदराला गाठ मारायची. पण गाठीची गंमत अशी की काहीतरी करायचंय एवढंच ती सांगते, काय करायचंय ते नाही, त्यामुळे दुपारभर गाठ चाचपत "कशाला बरं मारली होती" चालायचं. आईचं तंत्र त्याच्या पुढचं आहे. उद्या एकादशी असली की संध्याकाळीच साबुदाण्याचा डबा काढून गॅसच्या शेगडीला चिकटून ठेवते, रात्री दूध तापवायला गेलं की डबा आडवा येणारच, मग भिजवल्याशिवाय सुटका नाही. पीटर गॉलवित्झर नावाच्या जर्मन सायकॉलॉजिस्टने १९९९ मध्ये मांडलं की नुसतं "करेन" म्हणू नका, "अमुक झालं की तमुक करेन" असं ठरवा, काम होण्याची शक्यता बरीच वाढते. आई हे बिनपेपरचं करतेय.

फोनचा रिमाइंडर मला त्या मानाने बिनडोक वाटतो. चार वाजता लाइट बिल भर म्हणून वाजतो, तेव्हा आपण लोकलच्या दारात एका हाताने दांडा धरून उभे, अंगठ्याने स्वाइप करायचं आणि विषय संपला, घरी पोचेपर्यंत बिल डोक्यातून गायब. वाजायला काय, कधीही वाजेल, हात मोकळे असताना वाजलं तर उपयोग ना!

बाबांनी तर फोनचा नादच सोडलाय. सकाळी डबा न्यायचा विसरू नये म्हणून ते स्कूटरची चावी रात्रीच फ्रिजमध्ये डब्यावर ठेवतात. पाहुणे पाणी घ्यायला फ्रिज उघडतात आणि आमच्याकडे बघतात, आम्ही आता समजावून सांगायचं बंद केलंय.