मामाच्या माळ्यावरचं पिस्तूल आणि कंपनीचा सिंह

मागच्या रविवारी नागपूरच्या महाल भागात मामाच्या घरी माळा साफ करत होतो तर जुन्या गोधडीत गुंडाळलेलं एक चकमकीचं पिस्तूल सापडलं, घोडा गंजून जाम, लाकूड उंदराने कुरतडलेलं. मामा लगेच म्हणे, "अरे हे सीताबर्डीच्या लढाईतलं आहे बाप्पा!" आता १८१७ ची ही भोसले-इंग्रज लढाई नागपुरात प्रत्येकाच्याच पणजोबांनी लढलेली असते, ते सोडा.

मी आधी खटक्याची पट्टी, म्हणजे घोडा बसतो ती लोखंडी पट्टी बघितली, छाप तिथेच असतो. घासायचं नाही हं, लिंबू-चिंच तर अजिबातच नाही, सगळी खूणच निघून जाते. नुसतं तेलाचं बोट फिरवलं आणि मोबाईलचा टॉर्च आडवा धरला तर मागच्या पायांवर उभा, पंज्यात मुकुट धरलेला सिंह दिसला! म्हणजे ईस्ट इंडिया कंपनीचा माल. साधारण १८०८ च्या आधी कंपनी पत्त्यातल्या बदामाचा आकार कोरायची, चार भाग करून प्रत्येकात एक अक्षर. ब्रिटिश सरकारी असतं तर मुकुट, खाली राजाची अक्षरं आणि 'टॉवर' असं दिसलं असतं, शिवाय सरकारी मालकीचा तो तीन रेघांचा बाण.

पण वायव्य सीमाप्रांतातले (आता पाकिस्तानात) कारागीर हुबेहूब नकला करायचे, त्यात इंग्रजी अक्षरं उलटी नाहीतर स्पेलिंग चुकलेलं सापडतं. आमच्या सिंहाचं तोंड जरा कुत्र्यासारखंच आहे, म्हणून मामाला अजून काही बोललो नाही. आधी अजब बंगल्यातली (नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयातली) हत्यारं बघून येतो.