खालचा सिलेंडर बदलला, पण हवा काही निघेना

क्लच बिघडल्याची पहिली वर्दी बहुतेक वेळा रिव्हर्स देतो. पुढच्या गिअरांना सिंक्रोमेश, म्हणजे दात जुळण्याआधी वेग सारखे करणारी रचना असते, त्यामुळे क्लच अर्धवट सुटत असला, म्हणजे इंजिन गिअरबॉक्सपासून पुरतं वेगळं होत नसलं, तरी ते निभावून नेतात. रिव्हर्सला बऱ्याच जुन्या गाड्यांत ती नसते, म्हणून तो लगेच कर्रकर्र बोंब मारतो. माझ्या जुन्या डिझेल गाडीनं तेच केलं. त्याच संध्याकाळी मलकापूरहून कराडात शिरताना, कोल्हापूर नाक्याच्या गर्दीत, पेडल जे खाली गेलं ते वर आलंच नाही. पायाच्या बोटांनी उचलून पुन्हा दाबलं, तर खाली काही आहे असं वाटेचना.

तिथून घरापर्यंत बिनक्लचची आणली. इंजिन बंद करून पहिला गिअर टाकायचा आणि स्टार्टर मारायचा; गाडी दोन-चार हिसके देते, चालू होते आणि चालायलाही लागते. दुसऱ्यात टाकताना ॲक्सिलेटर सोडायचा, इंजिनाचा आवाज उतरला की दांडा अलगद ओढायचा, जबरदस्ती करायची नाही. जुने ट्रक चालवलेल्यांना यात काही नवल नाही. हल्लीच्या पुष्कळ गाड्यांत क्लच दाबल्याशिवाय स्टार्टर फिरतच नाही, तिथे हा डाव चालत नाही. आणि चढावर कुणी हे करू नये.

गल्लीत गाडी लागताच निदान तयार होतं: क्लच प्लेट गेली, गिअरबॉक्स उतरवा. पण प्लेट झिजली की उलटं होतं. इंजिन बोंबलतं आणि गाडी ओढत नाही. माझी गाडी ओढत होती, फक्त क्लच सुटत नव्हता. इंजिन बंद असताना सगळे गिअर लोण्यासारखे पडत होते. म्हणजे दोष पेडल आणि क्लच यांच्या मधल्या ऑइलच्या वाटेवर.

ती वाट अगदी साधी आहे. पेडलच्या मागे वरचा सिलेंडर, म्हणजे मास्टर. तिथून लोखंडी पाइप, पुढे थोडा रबरी होज, आणि गिअरबॉक्सच्या अंगाला खालचा सिलेंडर, म्हणजे स्लेव्ह. पाय वरचा सिलेंडर दाबतो, खालचा पिस्टन दांड्यानं फोर्क, म्हणजे क्लच सोडवणारा दुबेळका, ढकलतो. हे ढकलणं जेमतेम सेंटिमीटर-सव्वा सेंटिमीटरचं असतं. त्यातलं थोडं हरवलं तरी क्लच पूर्ण सुटत नाही.

वरचा की खालचा हे ठरवायला हात घाण करावे लागतात. पेडलजवळची मॅट उचलून वरच्याच्या दांड्याभोवती बोट फिरवलं, कोरडं. मग खाली गेलो. खालच्या सिलेंडरचं रबरी बूट, म्हणजे टोपण, नखानं थोडं सोलवटलं आणि आत साठलेलं काळंशार ब्रेक ऑइल (क्लचच्या या वाटेतही तेच असतं) बोटांवरून मनगटापर्यंत ओघळलं. निकाल लागला. दोन्ही कोरडे असते आणि पेडल दाबून धरल्यावर हळूहळू खाली बसलं असतं, तर वरच्याचा आतला रबर ऑइल मागे सोडतोय असं धरलं असतं. काही गाड्यांत खालचा सिलेंडर गिअरबॉक्सच्या पोटात, बेअरिंगभोवतीच असतो. तसा असेल तर हा घरचा उद्योग नाही, सरळ गॅरेज गाठावं.

दुकानदारानं विचारलं, "किट देऊ का अख्खा?" किट म्हणजे फक्त रबर आणि बूट, अख्ख्याच्या मानानं फारच स्वस्त. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं. कोयनेच्या खोऱ्यातल्या पावसाळ्यात तर विचारायलाच नको. ते पाणी आणि गाळ जमतो सगळ्यात खाली, म्हणजे याच सिलेंडरात. मग आतली भिंत गंजते, तिला बारीक खड्डे पडतात आणि त्यांवरून नवा रबरही घासून फाटतो. जुना सिलेंडर उघडून आत करंगळीचं नख फिरवलं तर ते अडकत होतं. त्या खड्ड्यांवर नवं रबर चढवणं म्हणजे पैसे पाण्यात. भिंत आरशासारखी असेल तरच किट, नाहीतर अख्खा, हे माझं मत.

जुना काढण्यात अवघड काही नव्हतं, पाइपच्या नटाखेरीज. तो मऊ असतो आणि वर्षानुवर्षं चिखल खाल्लेला. साधा फिक्स पाना लावला की कोपरे गोल होतात आणि मग पाइपच बदलावा लागतो. मी तारेच्या ब्रशनं घासून, गंज सुटायचा स्प्रे मारून रात्रभर ठेवला, आणि सकाळी फ्लेअर नटचा पाना लावला. दिसायला रिंग पान्यासारखाच, फक्त पाइप आत जाण्यापुरती फट असलेला. टक् आवाज करून सुटला. आणखी एक गोष्ट: सिलेंडर बोल्टांवर घट्ट असतानाच हा नट थोडा सैल करून घ्यावा. नंतर लोंबत्या सिलेंडरशी कुस्ती खेळण्यात अर्थ नाही.

जॅकवरच्या गाडीखाली शिरायचं नाही, हे सांगायची गरज पडू नये, पण पडते. खाली स्टँड, मागच्या चाकांना ओंडके. विटा नकोत, त्या फुटतात.

ऑइल टाकीच्या बुचावर लिहिलेलं तेच घ्यावं. माझ्या बुचावर डॉट ४ होतं, हा ब्रेक ऑइलचा दर्जा. ताज्या डॉट ४ चा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो, पाणी मुरलेल्याचा १५५.  सीलबंद छोटी बाटलीच घ्यावी, कपाटात उघडी पडलेली नको. इंजिन ऑइल, डिझेल, पेट्रोल यातलं काहीही या रबरांना लागता कामा नये. रबर फुगतं आणि नवा सिलेंडरही वाया जातो. उलट हे ब्रेक ऑइल रंग खातं. बॉनेटवर, बंपरवर थेंब पडला तर लगेच भरपूर पाणी ओतायचं.

नवा सिलेंडर तासाभरात बसला. त्यानंतर सुरू झाली खरी कटकट. ऑइल दाबलं जात नाही, हवा दाबली जाते, एवढंच काय ते. पाइपात हवेचा एक फुगा राहिला तरी तुमचा सगळा जोर तो फुगा दाबण्यात जातो आणि खालचा पिस्टन ढिम्म.

पेडलवर भाचीला बसवलं. डिप्लोमाला आहे, त्यामुळे उत्साह दांडगा. खालच्या सिलेंडरच्या हवा काढायच्या निप्पलवर पारदर्शक नळी, तिचं टोक बाटलीतल्या ऑइलात बुडवलेलं, आणि आमचा संवाद:

"दाब."

"दाबलंय, मामा."

"धर." निप्पल पाव फेरा उघडा, बुडबुडे, निप्पल बंद. "आता सोड."

क्रम चुकला, निप्पल उघडं असताना पाय सुटला, की बाहेरची हवा आत. टाकीतलं ऑइल तळाशी गेलं तरी तेच. दर थोड्या वेळानं टाकी भरत, बराच वेळ आम्ही हे केलं. बुडबुडे थांबले. पेडल मात्र अर्ध्यापर्यंत पोकळच.

भाची वरून म्हणाली, "मामा, पास्कलचा नियम इथं लागू होत नाही वाटतं." लागू होत होता, हवेलाही होतो, दाब सगळीकडे सारखाच पोचतो, पण हवा आकसते.

मी पाइपवरून हात फिरवत गेलो तेव्हा कारण सापडलं. पाइप खालून निघून थेट वर जात नाही. मध्ये एक कमान घेतो. हवा त्या कमानीच्या माथ्यावर जाऊन बसते. एका दाबात ऑइल जेमतेम थोडं सरकतं, फुगा जरा खाली ढकलला जातो आणि पेडल सुटेपर्यंत पुन्हा वर. हवेला वर जायचं असतं आणि आम्ही तिला खालून काढत होतो.

मग उलटा मार्ग धरला. मेडिकलमधून मोठी सिरिंज आणली, सुईशिवाय. टाकीतलं निम्मं ऑइल आधी काढून घेतलं, नाहीतर ती वरून वाहते. सिरिंजमध्ये ताजं ऑइल भरून टिचक्या मारून बुडबुडे घालवले, नळी निप्पलवर खोचून टायनं आवळली, निप्पल उघडलं आणि हळूहळू वर ढकललं. घाई केली की नळी सुटून तोंडावर फवारा येतो, म्हणून चष्मा हवाच. भाची टाकीत डोकावून उभी. थोडा वेळ काही नाही, मग ओरडली, "मामा, आला! केवढा मोठा आला!" बुळुक् आवाज मला खालीही ऐकू आला. मागोमाग बारीक बुडबुड्यांची माळ, मग स्वच्छ ऑइल.

शेवटची हवा सिलेंडरातच दडते. दोन बोल्ट काढून, पाइप जोडलेलाच ठेवून, सिलेंडर निप्पल वर येईल असा धरला आणि दांडा हातानं पूर्ण आत दाबला. उरलेलं टाकीत निघून गेलं. या वेळी पेडलला कुणीही हात लावायचा नाही. समोर फोर्क नसल्यानं पिस्टन बाहेर उडतो.

सिलेंडर पुन्हा बसवल्यावर पेडल वरच्या इंचातच घट्ट लागलं. सुरुवातीचा किंचित ढिलेपणा मी मुद्दाम ठेवला. तो नसेल तर मास्टरमधलं परतीचं भोक झाकलेलं राहतं, दाब साठतो आणि क्लच घसरून खरोखरच प्लेट जाते. इंजिन चालू करून पेडल दाबलं, थोडं थांबलो, रिव्हर्स टाकला. कुरकूर नाही.

काढलेलं काळं ऑइल बाटलीत भरून गॅरेजवाल्याच्या जळक्या ऑइलशेजारी वेगळं ठेवायला दिलं, गटारात नाही. आठवड्यानं बूट सोलून पाहिलं, कोरडं होतं. वरच्याच्या दांड्याभोवती मात्र आता बोटाला किंचित ओलं लागतंय. खाली नव्या रबरानं दाब पुरा धरला की वरचं जुनं रबर असं बोलायला लागतं. त्याची ऑर्डर दिली आहे, सिरिंज धुऊन ठेवली आहे.