नालदेहरा : देवदारांच्या उतारावरचा गोल्फ

शिमल्याहून ढली, मशोबरा करत साधारण बावीस किलोमीटर गेलं की नालदेहरा येतं. बहुतेक पर्यटक घोड्यावरून रपेट मारतात, फोटो काढतात आणि परततात. मला मात्र इथलं गोल्फ मैदान खेळायचं होतं. क्लबला सभासद आहेत, पण ग्रीन फी (एका फेरीचं शुल्क) भरली की बाहेरच्या माणसालाही खेळता येतं. ही सोय मला फार मोलाची वाटते. आपल्याकडे अनेक ठिकाणी ओळखीचा सभासद सोबत असल्याशिवाय फाटकाच्या आत पाऊल टाकता येत नाही.

व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन उन्हाळ्यात इथे तंबू ठोकून राहायचा. जागा त्याला इतकी आवडली की १९०४ मध्ये जन्मलेल्या धाकट्या मुलीच्या नावात त्याने ‘नालदेरा’ घातलं. मैदानाची मूळ कल्पनाही त्याचीच मानतात.

अठरा होल, पार ६८, म्हणजे सगळे होल पूर्ण करायला चांगल्या खेळाडूकडून अपेक्षित फटके. आकड्यावरून मैदान छोटं वाटतं, पण पहिल्या टीवर, म्हणजे सुरुवातीचा फटका मारायच्या जागी, उभं राहिलं की अंदाज येतो. समोर फेअरवे (कापलेल्या गवताचा पट्टा) खाली उतरत जातो आणि दोन्ही बाजूंना देवदार असे उभे असतात की चेंडू जरा वाकडा गेला तर खोडावर आपटून कुठेही जावा. जमिनीवर वाळक्या काड्यांचा जाड थर. त्यात शिरलेला चेंडू मला तरी दिसत नव्हता, माझ्या कॅडीला, म्हणजे बॅग घेऊन सोबत चालणाऱ्या मदतनिसाला, मात्र दर वेळी सापडला.

डोंगरावर खेळताना अंतराचं सगळं गणित बदलतं. इथली उंची दोन हजार मीटरच्या आसपास, हवा विरळ, त्यामुळे दीडशे यार्डांचा फटका दहा-बारा यार्ड पुढे जातो. पण ग्रीन (होलभोवतीची बारीक कापलेली हिरवळ) टीपेक्षा दहा मीटर वर असेल, तर तेवढेच यार्ड परत अंतरात मिळवावे लागतात. आणि पाय कधीच सपाट जमिनीवर नसतात. चेंडू पायांपेक्षा वर असला की उजव्या हाताने खेळणाऱ्याचा फटका डावीकडे ओढला जातो, खाली असला की उजवीकडे पळतो. पुण्याच्या सपाट मैदानावर हे ऐकून माहीत होतं. इथे ते पोटऱ्यांना कळलं.

सगळ्यात अवघड म्हणजे पटिंग, ग्रीनवर चेंडू हळूच होलकडे ढकलणं. सगळा डोंगरच कललेला असल्यामुळे डोळा त्या कलालाच सपाटी समजतो. मग ग्रीनचा उतार डोंगरापेक्षा कमी असेल, तर तो उलट्या बाजूला चढल्यासारखा भासतो. एका ग्रीनवर मी ठामपणे डावीकडे नेम धरत होतो. कॅडी म्हणाला, “साहब, नीचे सतलुज है, गेंद उधर ही जाएगी.” ग्रीनवरून सतलज दिसतही नव्हती. मी त्याचं ऐकलं, उजवीकडे धरलं, आणि चेंडू हळूच डावीकडे वळून होलमध्ये पडला. त्यानंतर मी प्रत्येक पट त्याला विचारूनच मारला. लहानपणापासून याच उतारांवर वावरलेला माणूस तो. उताराचं असं वाचन कुठल्याही यार्डेज बुकात (मैदानाच्या अंतरांच्या वहीत) मिळणार नाही.

मैदानातच महुनागाचं जुनं देऊळ आहे. माझ्या बायकोला गोल्फमध्ये रस नाही, पण ती देवळापर्यंत सोबत चालत आली आणि तिथल्या लाकडी कामापाशी बराच वेळ थांबली. आसपास गावकऱ्यांची ये-जा सुरूच असते. कुणी वाटेत दिसलं की थांबायचं, तो पुढे गेला की मारायचं. मला ही पद्धत मनापासून आवडली. जमीन गावाचीही आहे, हे खेळताना विसरता येत नाही.

जायचं असेल तर एप्रिल ते जून किंवा पावसानंतरचा काळ निवडा. हिवाळ्यात बर्फ पडतं. बूट चांगली पकड असलेले हवेत. बॅग हलकी ठेवा, कारण ती उचलून चढणारा तुमचा कॅडी असतो. माझ्या मते इथे ड्रायव्हरपेक्षा (सर्वांत लांब मारायची काठी) सेव्हन आयर्न (मध्यम अंतराची काठी) जास्त कामाला येतो. आणि कॅडीशिवाय खेळू नका, तुमचा हँडिकॅप कितीही कमी, म्हणजे खेळ कितीही चांगला, असला तरी.